उगवत्या ताऱ्याचा फळा

"खेळाडूची खरी परीक्षा मैदानात होत नाही, मैदानाबाहेर होते. ज्याला माणूस म्हणून वागता येत नाही, त्याला आमच्या मातीत पाय ठेवायचा अधिकार नाही, मग तो कितीही मोठा वाघ असो," असं धोंडू परबांनी स्टुलावर उभं राहून जाहीर केलं, आणि ऐकायला जमलेल्या चाळीस माणसांपैकी तीस माणसं लगेच उठून गेली. कोपऱ्यावर राकेलची गाडी आली होती.

उरलेल्या दहांत काशीबाई होत्या, धोंडूंच्या पत्नी. त्या विचार पटला म्हणून थांबल्या नव्हत्या. स्टूल त्यांच्या घरचं होतं.

"उतरा आता," त्या म्हणाल्या. "माका रांगेत बसाक व्हया."

धोंडू स्टुलावरून उतरले, पण विचारावरून उतरले नाहीत. बावीस वर्षं ते गिरणीत मागावर उभे होते आणि अठरा वर्षं कबड्डीचे पंच होते. पैकी पहिला धंदा संपात बुडाला होता. १९८४ चा फेब्रुवारी चालू होता. संप मिटला असं कुणी सांगितलं नव्हतं आणि चालू आहे असंही आता कुणी म्हणत नव्हतं. दुसऱ्या धंद्यात पगार नव्हता, पण शिट्टी होती, आणि शिट्टी वाजली की लालबागचे उभे पैलवान आडवे व्हायचे. म्हणून सगळे त्यांना पंच म्हणत. उगवता तारा क्रीडा मंडळाचं अध्यक्षपदही ओघानंच त्यांच्याकडे आलं होतं.

भाषणाचं निमित्त हेरंब होता. हेरंब हा ठाकूरद्वारच्या संघाचा डावा कोपरा. त्याच्या हातात चढाई करणाऱ्याचा घोटा आला की तो घोटा परत मिळण्याची खात्री नसे. रविवारी त्यानं एका इराण्याच्या हॉटेलात, ऑम्लेट उशिरा आलं म्हणून, वेटरच्या अंगावर चहा ओतला होता. बातमी सोमवारी लालबागला पोचली, तोवर तिच्यात दोन कप आणखी वाढले होते.

मैदानाच्या कडेला मंडळाची खोली होती आणि खोलीच्या भिंतीवर मंडळाचा फळा. चार फूट रुंद, अडीच फूट उंच, अस्सल सागवान. सामन्यांच्या वेळा, कुणाचं बारावं, कुणाला नोकरी लागली, सगळं त्याच्यावर खडूनं लिहिलं जायचं. फळा गिरणीतल्या सुतारानं केला होता आणि खडू गिरणीच्या कोठारातून यायचे. ते कसे यायचे, हा प्रश्न चारित्र्याच्या सदरात मोडत नसल्यामुळे कुणी विचारला नव्हता. पण गिरणीला कुलूप लागल्यापासून खडू संपले होते. मग मंडळाचे सेक्रेटरी उत्तम पेंटर, जे ट्रकांच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहीत, त्यांनी उरलेला पांढरा ऑइलपेंट काढला आणि पंचांचा विचार फळ्यावर वळणदार अक्षरांत उतरवला:

मैदानाबाहेर गैरवर्तन करणाऱ्या खेळाडूस मैदानात थारा नाही. हुकमावरून, अध्यक्ष.

"हेरंबचं नाव टाकू का, पंच?"

"नको," धोंडू म्हणाले. "तत्त्वाला नाव लावलं की ते भांडण होतं."

हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की संध्याकाळपर्यंत त्यांनी ते तीन जणांना ऐकवलं.

मंगळवारी उगवत्या ताऱ्यानं उपांत्य सामना जिंकला. जिंकून दिला तो जगदीशनं. जगदीश मंडळाचा हुकमी चढाईबहाद्दर. खेळाच्या कोट्यातून बँकेत लागला होता. दहाला मस्टरवर सही करायचा आणि अकराला बँक त्याला सरावासाठी सोडायची, कारण तो काउंटरवर बसला की हिशेब चुकायचे आणि मैदानात उतरला की ढाली यायच्या. मंगळवारी त्यानं एका चढाईत चार गडी मारले. पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन चिंचपोकळीच्या पुलापर्यंत नेलं.

पुलाखाली शेवंता बसायची. कोळीवाड्यातून येणारी, पन्नाशीची, फळीवर पापलेटं मांडून. खांद्यावरून उतरलेल्या जगदीशनं चार पापलेटं उचलली आणि चालू लागला.

"ए, पैसं?" शेवंता म्हणाली.

"मावशी, चार गडी मारले आज. ओळखत नाहीस?"

"मी बी सकाळपास्नं चाळीस मारल्यात. ठेव खाली."

पोरं हसली. हसली नसती तर कदाचित गोष्ट तिथंच संपली असती. जगदीशनं फळीला लाथ घातली. फळीचे दोन तुकडे झाले, मासळी गटारात गेली. शेवंता उठून आडवी आली तेव्हा त्यानं तिला ढकललं. ती हातावर पडली. मनगटाला प्लास्टर लागलं, दीड महिन्याचं.

ही बातमी लालबागला पोचताना मात्र वाटेत वाढली नाही. उलट बरीच आटली.

शुक्रवारी संध्याकाळी मंडळाची सभा भरली. रविवारी अंतिम सामना होता, याच मैदानात, आणि समोर होता हेरंबचा ठाकूरद्वारचा संघ. खोली खचाखच भरली होती. फळ्याकडे कुणी पाहत नव्हतं; एवढ्या मोठ्या अक्षरांकडे न पाहणं हेसुद्धा कसबाचं काम होतं.

"पोरगं बँकेत आहे," एक जण म्हणाला. "बँकेतला माणूस पापलेट चोरेल का?"

"फळीच जुनी होती म्हणतात."

"ती पण काय गप्प बसली असेल? चारचौघांत बोलली त्याला. खेळाडूचं मन हळवं असतं."

"पण मग हेरंबनं काय वेगळं केलं?" कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं. तो नवा मेंबर असावा.

खोली क्षणभर अडचणीत आली. मग उत्तम पेंटरांनी मार्ग काढला. "हेरंबचा चहा गरम होता," ते म्हणाले. "मासळी थंड असते."

हा फरक सगळ्यांना पटला. आता माना पंचांकडे वळल्या.

पंच त्या वेळी दाराकडे बघत होते. दारात शेवंता उभी होती, गळ्यात बांधलेला हात घेऊन. ती काही बोलत नव्हती. कुणी विचारलं असतं तर बोलली असती. धोंडूंनी तिला पाहिलं, तिनं त्यांना पाहिलं, आणि मग धोंडूंना लवू दिसला.

लवू त्यांचा मुलगा, एकवीस वर्षांचा, संघातला दुसरा चढाईवाला. गिरणी बंद, बापाचा पगार बंद, आणि रविवारचा सामना पाहायला एका टायर कंपनीचा क्रीडा अधिकारी येणार होता. कंपनीला नवा संघ उभा करायचा होता. सामना चुरशीचा झाला तर तो शेवटपर्यंत बसेल, बसला तर लवूला बघेल. आणि जगदीशशिवाय सामना चुरशीचा होणार नाही, हे शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं.

धोंडूंनी घसा साफ केला. "पंचाचा अधिकार मैदानाच्या रेषेपर्यंत असतो," ते म्हणाले. "पुलाखाली काय झालं, ते रेषेबाहेरचं आहे. हॉटेलातलंही."

टाळ्या पडल्या. त्या विरल्या तेव्हा दारात कुणी नव्हतं.

राहिला फळा. उत्तम पेंटरांनी राकेलच्या बोळ्यानं अक्षरं घासून पाहिली. रंग चांगल्या प्रतीचा होता. चार दिवसांत वाळून दगड झाला होता. शेवटी स्पर्धेचं 'सुस्वागतम' लिहिलेलं कापड फळ्यावर ताणून बांधलं आणि तत्त्व झाकलं गेलं.

घरी काशीबाईंनी ताट वाढलं. त्यात मासे नव्हते.

"आज शुक्रवार ना?" धोंडूंनी विचारलं.

"मासेवालीचो हात मोडलो हा," काशीबाई म्हणाल्या. "ती दारात उभी होती. तुमका दिसली नाय?"

धोंडूंनी डाळ ओतून घेतली. डाळ गरम होती, तरी ते फुंकर न घालता जेवले.

रविवारी मैदान फुलून गेलं. चाळींच्या गॅलऱ्या माणसांनी वाकल्या. लाउडस्पीकरवर भिवा होता, ज्याचा आवाज साताऱ्यापर्यंत पोचतो असं तो स्वतः सांगायचा. खुर्चीत टायर कंपनीचे साहेब बसले होते, मांडीवर वही, मनगटावर घड्याळ. ते दोन्हीकडे सारखंच बघत होते. बायकांच्या बाजूला काशीबाई होत्या आणि त्यांच्या शेजारी, त्यांनीच आग्रहानं आणलेली, शेवंता.

पहिल्या चढाईत जगदीशनं एक गडी टिपला. "पोरगं मनानं एकदम साधं," गॅलरीतून मत आलं.

दुसऱ्या चढाईत हेरंबनं त्याचा घोटा धरला.

"मन थाऱ्यावर नाही त्याचं," लोक म्हणाले.

तो जिवंत होऊन परत आला, चढाईला गेला आणि पुन्हा हेरंबच्या हातात सापडला. आता कुणीतरी शेजाऱ्याला विचारलं, "मंगळवारी ते पुलाखाली काय झालं, ते खरंच झालं का रे?" तिसऱ्या पकडीनंतर, खरंच झालं असं ठरलं. चौथ्या पकडीला सगळे गडी बाद होऊन उगवत्या ताऱ्यावर लोण चढला आणि सबंध गॅलरीला एकाएकी आठवलं की बाईचा हात मोडला आहे. शेवंताचा हात मंगळवारीच मोडला होता, पण लालबागेत तो नेमका चौथ्या पकडीला मोडला.

पलीकडे ठाकूरद्वारवाले आनंदात होते. "चहा काय," ते म्हणत होते, "कुणाच्याही हातून सांडतो."

मध्यंतराला आकडे होते सात आणि अठरा. साहेबांनी वही मिटली. लोक दोरीजवळ जमले.

"पंच, काढा त्याला."

"बाईमाणसावर हात टाकणारा माणूस मंडळात ठेवलाच कसा?"

"फळ्यावर काय लिहिलंय तुम्ही?" हे विचारणारा शुक्रवारी जुन्या फळीबद्दल बोलला होता.

धोंडूंनी अठरा वर्षांत पुष्कळ गर्दी पाहिली होती. गर्दी चुकते तेव्हा काय करायचं हे त्यांना पाठ होतं. गर्दी बरोबर बोलते आहे आणि तरीही चुकते आहे, असा प्रसंग पहिल्यांदाच आला होता. ते दोरी ओलांडून बायकांच्या बाजूला गेले.

"शेवंताबाई," ते म्हणाले, "तुम्ही सांगा. त्याला काढू का?"

शेवंतानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मना काय इचारता? मी काय तुमच्या मंडळाची मेंबर हाय?"

"तसं नाही, तुमचा अपराधी आहे तो."

"शुक्रवारी नव्हता? मी तुमच्या दारात अर्धा तास हुबी होते. तवा इचारायचं. आता अकरा पॉइंट मागं पडलाव म्हनून माज्या हाताची आठवन आली व्हय?"

काशीबाई समोर मैदानाकडे बघत राहिल्या, जणू तिथं काही चाललं होतं.

धोंडू परत फिरले. चालता चालता ते लवूजवळ थांबले. नंतर त्यांनी भिवाच्या हातातून माइक घेतला. भिवानं तो सहजासहजी सोडला नाही.

"दुसऱ्या डावात जगदीश खेळणार नाही," धोंडू म्हणाले. गॅलऱ्यांत टाळ्यांचा गडगडाट झाला. त्यांनी हात वर केला, पंच करतो तसा, आणि टाळ्या थांबल्या. "थांबा. आपण अकरा पॉइंटांनी मागे आहोत म्हणून नव्हे. त्यानं मंगळवारी या शेवंताबाईंची फळी मोडली आणि त्यांना ढकललं म्हणून. हे मी शुक्रवारी सांगायला हवं होतं. शुक्रवारी बाई दारात उभ्या होत्या. मला त्या दिसल्या होत्या. पण माझ्या मुलाला नोकरी हवी आहे आणि ती देणारे साहेब आज इथं बसले आहेत, म्हणून मला रेषा आठवली. सभेनंही माफ केलं होतं त्याला, पण सभेचं सोडा. अध्यक्ष मी आहे."

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. गर्दीला आपलं शुक्रवारचं मत परत मिळालं होतं आणि ते कुठं ठेवावं कळत नव्हतं. साहेबांनी मात्र मिटलेली वही परत उघडली. का, ते त्यांनाच ठाऊक.

जगदीश जवळ आला. "पंच, तुम्ही मला आपण हरतोय म्हणून काढताय."

"काढायचं शुक्रवारी होतं," धोंडू म्हणाले. "उशीर माझा. गुन्हा तुझा. बस जा बाकावर."

मग ते भिंतीजवळ गेले आणि 'सुस्वागतम' ओढून काढलं. कापड फाटलं. फळ्यावरची अक्षरं नव्या नवरीसारखी चमकत होती.

दुसऱ्या डावात चढाईला लवू गेला. त्याच्याकडे जगदीशची झेप नव्हती. पण बाप पंच असल्यामुळे लहानपणापासून एक सवय लागली होती: समोरच्या गड्याच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघायचं. हेरंब पकडीला निघण्याआधी डावी टाच उचलायचा. लवूनं ती टाच दोनदा पाहिली आणि तिसऱ्यांदा हेरंबला बाद करून आला. गॅलऱ्या पुन्हा वाकल्या. ठाकूरद्वारवर लोण परत चढवला गेला. आकडे जवळ आले, आणखी जवळ आले, आणि शेवटची शिट्टी झाली तेव्हा उगवता तारा तीन पॉइंटांनी हरला होता.

"जगदीश असता तर मारला होता सामना," गॅलरीतून पहिलं मत आलं.

"पंचांना आत्ताच तत्त्व सुचायचं होतं."

"पापलेटंच ती. किती, तर चार."

पाच मिनिटांत जगदीश पुन्हा साधा झाला आणि धोंडू परब मंडळाचे वैरी. धोंडूंना त्याचं वाईट वाटलं नाही. अठरा वर्षांत शिव्या खाल्ल्याशिवाय ते एकाही सामन्यातून घरी गेले नव्हते, आणि आज कितीतरी दिवसांनी निकाल बरोबर दिल्यासारखं त्यांना वाटत होतं.

साहेब खुर्चीतून उठून आले. "तो दुसऱ्या डावातला मुलगा. उद्या अकराला सर्टिफिकिटं घेऊन पाठवा. ट्रायल घेऊ." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि तो पहिला, खांदे चांगले आहेत त्याचे. बँक सोडणार असेल तर कळवा. बाहेरचं काय ते आमचं खातं बघून घेतं."

"लवूला पाठवतो," धोंडू म्हणाले. आणि ते बक्षिसांच्या टेबलाकडे वळले.

आता बक्षीस समारंभ. हेरंबला उत्कृष्ट पकडीबद्दल थर्मास मिळाला, चहाचा. तेवढ्यात उत्तम पेंटरांच्या मनात आलं की झालं गेलं व्यवस्थित मिटवून टाकावं, आणि व्यवस्थित मिटवायची त्यांना एकच रीत माहीत होती. त्यांनी शाल आणि नारळ मागवला आणि भिवानं जाहीर केलं, "आता शेवंताबाई यांचा मंडळातर्फे हृद्य सत्कार करण्यात येत आहे."

शेवंता पुढं आली. जगदीश मान खाली घालून उभा होता; त्याला कुणीतरी चार ओळींची माफी पाठ करायला दिली होती आणि त्यातल्या दोन तो विसरला होता.

"आमचं चुकलं, मावशी," एवढं तो म्हणाला. ते पाठ केलेल्यात नव्हतं.

शेवंतानं त्याच्याकडे पाहिलं, मग नारळाकडे. "ह्यो मना कशाला? येका हातानं फोडू कसा?" तिनं नारळ उत्तमच्या हातात परत दिला. शाल हातात घेऊन तिचं सूत बोटांनी चोळून पाहिलं आणि ती काशीबाईंच्या खांद्यावर टाकली.

"मग काय हवं तुम्हाला?" धोंडूंनी विचारलं. "आज मनापासून विचारतोय. पोलिसात जायचं असेल तर मी साक्षीला येतो. त्याला वर्षभर बंदी घालायची असेल तर घालतो. तुम्ही सांगाल तसं."

गर्दी पुढं सरकली. टायर कंपनीचे साहेबसुद्धा थांबले. शेवंता कुणाकडेही न बघता भिंतीशी गेली आणि फळ्यावर चांगल्या हाताच्या बोटांनी टकटक करून पाहिलं.

"सागवान हाय?"

"हो," धोंडू म्हणाले. "गिरणीचं."

"ह्याला बर्फाचं पानी लागलं तर रंग जाईल?"

"आम्ही राकेलनं घासून बघितलं," उत्तम पेंटर म्हणाले. "जात नाही."

शेवंतानं फळ्याची रुंदी वितीनं मोजली, चार फूट भरली तशी मान हलवली, आणि धोंडूंकडे वळली.

"मंग ह्यो मना द्या. माजी फळी मोडली, आन् तुमाला ह्याचा काय उपेग होताना दिसत नाय. उद्या सकाळी पाचला पुलाखाली त्या मोडनाऱ्या पोराकडनं पोचवा. पन उशीर नको. साडेपाचला गिऱ्हाईक येतं."